शाळेसाठी पट्टी : गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकाचा प्रकरण अभ्यास

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वरिष्ठ कायदेमंडळापुढे प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक मांडले, ते आपल्याकडे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक म्हणून ओळखले जाते. हे नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सक्ती हा त्या विधेयकाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा भाग पैशाचा होता, आणि त्यातल्या एका तरतुदीकडे आज फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे असेल, तर त्या खर्चासाठी तिला आपल्याच हद्दीतील लोकांवर, सरकारची मंजुरी घेऊन, खास शिक्षणपट्टी बसवता येईल, अशी ती तरतूद होती. कोणत्याही गावावर वरून कर लादला जाणार नव्हता. ज्या गावाची आपल्या मुलांसाठी पदरचे चार पैसे जास्त मोजण्याची तयारी आहे, त्याला ते मोजण्याची कायदेशीर वाट मोकळी करून द्यावी, एवढेच मागणे होते. वर्षभराने, १९ मार्च १९१२ रोजी, ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

शाळांसाठी स्थानिक कर असावा की नसावा, या वादात लोकांना कर परवडेल का, हा प्रश्न नेहमी पहिला येतो. गोखल्यांचे प्रकरण बारकाईने पाहिले तर मला असे दिसते की त्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि तो म्हणजे काय परवडते हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा. १९१२ साली या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या विरोधात गेले आणि पहिला प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही.

पट्टी नवी नव्हती

मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याला शिक्षणासाठी कर देणे हा प्रकार १९११ साली मुळीच अपरिचित नव्हता. १८६३ पासून इथे जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, लोकल फंड म्हणून वसूल होत असे. १८६९ च्या कायद्याने त्या वसुलीला कायदेशीर आधार मिळाला. या फंडातला एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे आणि उरलेला रस्ते व इतर स्थानिक कामांकडे जात असे. म्हणजे गोखले कायदेमंडळात उभे राहिले, तेव्हा इथला कुणबी जवळजवळ अर्धे शतक शाळेच्या नावाने पैसे भरत आला होता.

त्या पैशाचे काय होते, याची सर्वांत स्पष्ट तक्रार जोतीराव फुले यांनी केली आहे. १८८२ साली तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला, आणि त्या आयोगापुढे फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीतला मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. इलाख्यातील दहापैकी सुमारे नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, हे त्यांनी त्यात नोंदवले. पण ते तक्रारीवर थांबले नाहीत. लोकल फंडातला निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, नगरपालिकांना आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळा चालवणे कायद्याने बंधनकारक करावे, त्यावर प्रांतिक किंवा साम्राज्याच्या तिजोरीतून पुरेसे अनुदान द्यावे आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशा नेमक्या मागण्या त्यांनी मांडल्या.

फुले कर रद्द करा असे म्हणत नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल त्यांनी आयुष्यभर लिहिले, त्याच्यावरची शाळेची पट्टी उठवा, अशी मागणी त्यांनी केली असती तर ती कोणालाही समजण्यासारखी होती. त्यांनी उलट, त्या पट्टीतला अधिक भाग शाळेला द्या, असे सांगितले. आपल्या पैशातून आपल्या मुलाची शाळा उभी राहते, हे दिसले तर माणूस पैसे देतो, आणि दिसले नाही तर त्याच्या लेखी ती लूट ठरते, ही गोष्ट त्यांनी पुरती ओळखली होती. पुढच्या तीस वर्षांत ही दरी बुजली नाही. १९०१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण ५.३ टक्के होते आणि १९११ च्या जनगणनेत ते ५.९ टक्क्यांवर पोहोचले.

विधेयकात काय होते

गोखल्यांनी हा विषय प्रथम मार्च १९१० मध्ये ठरावाच्या रूपाने मांडला होता. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने सुरुवात करावी आणि त्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचा आयोग नेमावा, असा तो ठराव होता. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले आणि सर हारकोर्ट बटलर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्याचे पहिले सदस्य झाले. सक्तीच्या बाबतीत मात्र काहीच हालचाल दिसेना, म्हणून गोखल्यांनी विधेयकाचा मार्ग धरला.

विधेयक हाती घेऊन वाचणाऱ्याला त्याची भीती वाटावी असे त्यात काही नव्हते, इतके ते सावधपणे बेतलेले होते. इंग्लंडमधील १८७० आणि १८७६ चे कायदे व आयर्लंडमधील १८९२ चा कायदा डोळ्यांसमोर ठेवून त्याची मांडणी केली होती. सक्ती सरसकट देशभर लागू होणार नव्हती. ज्या क्षेत्रात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकारने ठरवलेल्या टक्केवारीपर्यंत आधीच पोहोचले आहे, त्याच क्षेत्रातील स्थानिक संस्थेला हे पाऊल उचलता येणार होते, आणि ही टक्केवारी ३३ असावी असे गोखल्यांनी सुचवले होते. त्यानंतरही स्थानिक संस्थेला प्रांतिक सरकारची पूर्वसंमती लागणार होती. सक्ती सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती होती, आणि मुलींना ती पुढे लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थेवर सोपवले होते. एक मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल, घरची अडचण असेल किंवा शेतीचा हंगाम असेल, तर सूट होती. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी आहे, त्याच्या मुलाकडून फी घ्यायची नव्हती.

खर्चाच्या बाबतीत सरकारने दोन तृतीयांश भार उचलावा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातून किंवा शिक्षणपट्टीतून द्यावा, अशी गोखल्यांची मांडणी होती. या वाटणीतच या विधेयकाचे शहाणपण आहे, असे माझे मत आहे. सगळा भार स्थानिक कराने उचलायचा म्हटले तर गरीब गाव कधीच शाळा काढू शकणार नाही. सगळा भार सरकारने उचलायचा म्हटले तर कलकत्ता आणि सिमला यांच्या अंदाजपत्रकात शाळेची पाळी लष्कर आणि रेल्वेनंतर येणार, हे अंदाजपत्रकावर वर्षानुवर्षे बोलत आलेल्या गोखल्यांइतके चांगले कोणाला माहीत असणार? दोन्ही वाटे एकमेकांना बांधले की गावाच्या पट्टीमुळे सरकारच्या अनुदानाला तगादा लागतो आणि सरकारच्या अनुदानामुळे गावाची पट्टी सोसवण्याजोगी राहते.

हे बोलणे अधांतरी राहू नये म्हणून एक छोटा हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका कसब्यात दोन हजार घरे आहेत आणि सहा ते दहा वर्षांचे पाचशे मुलगे आहेत. एका मुलामागे वर्षाला पाच रुपये खर्च धरला, तर एकूण खर्च अडीच हजार रुपये होतो. तो सगळा गावाने द्यायचा ठरवला, तर दर घरामागे वर्षाला सव्वा रुपया पडतो. सरकारने दोन तृतीयांश दिले, तर गावाकडे सुमारे ८३३ रुपये उरतात, म्हणजे दर घरामागे वर्षाला सात आण्यांहूनही कमी, आणि महिन्याला अर्ध्या आण्याहून किंचित जास्त. यातही घराच्या आकारमानाप्रमाणे पट्टी लावली, तर वाड्यावर दोन-तीन रुपये आणि झोपडीवर दोन पैसे किंवा काहीच नाही, अशी विभागणी गावाला करता येते. सव्वा रुपया आणि सात आणे यांच्यात जे अंतर आहे, तेच या विधेयकाचे भवितव्य ठरवणारे अंतर होते. सरकारचा वाटा काढून घेतला, की पट्टी मांडणारा नगरसेवक आपल्याच शेजाऱ्यांच्या रोषाला तोंड देत उभा राहतो.

बडोद्याचा दाखला

गोखल्यांना हा विषय कागदावरच मांडावा लागला असता, तर त्यांच्या विरोधकांचे काम सोपे झाले असते. पण सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ साली तो संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केला होता. त्या संस्थानातली माणसे शेजारच्या ब्रिटिश मुलखातल्या माणसांसारखीच होती, तीच शेती, त्याच जाती, तेच दारिद्र्य. गोखल्यांनी १९१० साली दोहोंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. बडोद्यात शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी ७९.६ टक्के मुलगे शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. खर्चाकडे पाहिले तर बडोदा प्राथमिक शिक्षणावर दर माणशी साडेसहा पेन्स खर्च करत होते आणि ब्रिटिश हिंदुस्थान जेमतेम एक पेनी.

हिंदुस्थानातील लोक सक्ती सहन करणार नाहीत, ते आपली मुले शेतातून सोडणार नाहीत, त्यांना शिक्षणाची ओढच नाही, अशा विधानांना उत्तर द्यायला हे आकडे पुरेसे होते. यातून आणखीही एक गोष्ट दिसते. बडोद्यात निर्णय घेणारा आणि पैसा देणारा एकच होता, त्यामुळे राजाने ठरवले आणि काम झाले. ब्रिटिश मुलखात ज्याला मूल शिकवायचे होते त्याच्या हाती तिजोरी नव्हती, आणि ज्याच्या हाती तिजोरी होती त्याला घाई नव्हती. शिक्षणपट्टीची तरतूद हा त्या दोघांमधला पूल होता.

विरोध कोणी आणि कशासाठी केला

विधेयक मांडल्यानंतर ते प्रांतिक सरकारांकडे आणि सार्वजनिक संस्थांकडे अभिप्रायासाठी गेले. राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, आणि मुस्लिम लीगने त्याला पाठिंबा दिला. बहुतेक प्रांतिक सरकारांनी विरोध केला, आणि सरकारच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले त्यांचा मथितार्थ असा होता की लोकांची तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, स्थानिक संस्थांना नवा कर झेपणार नाही, सक्ती न करता अनुदाने वाढवून शिक्षण पसरवण्यास अजून भरपूर वाव आहे, आणि सक्ती राबवण्यात प्रशासनाच्या अडचणी आहेत.

यातला करविषयीचा मुद्दा सर्वांत कळवळ्याचा वाटतो, म्हणून त्याची तपासणी सर्वांत कसून व्हायला हवी. गरीब माणसावर आणखी बोजा टाकू नका, असे म्हणणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेणे कठीण जाते. पण हाच गरीब माणूस मिठावर कर भरत होता, जमिनीवर सारा भरत होता, लोकल फंडाचा आणा भरत होता. हे कर लावताना त्याला विचारले गेले नव्हते. जो कर त्याच्या मुलाच्या शाळेत, त्याच्या गावात, त्याच्या डोळ्यांदेखत खर्च होणार होता, नेमका त्याच वेळी त्याच्या दारिद्र्याची आठवण व्हावी, हे मला पटत नाही. शिवाय ही दया दाखवण्याची संधी गावालाही होती. गावाच्या सभासदांना पट्टी जड वाटली असती, तर त्यांनी ती बसवलीच नसती. विधेयक त्यांच्यावर काहीही लादत नव्हते. त्यांच्या वतीने आधीच नकार देऊन टाकण्याचे कारण काय, या प्रश्नाला कायदेमंडळात समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

विरोधाचा दुसरा स्रोत अधिक उघड होता. जमीनदार वर्गातील अनेकांना सक्तीचे शिक्षण नको होते, कारण शेतावर राबणारे मूल शाळेत गेले की मजुरी महाग होते आणि लिहिता-वाचता येणारे कूळ खोट्या हिशेबाला मान डोलवत नाही. स्थानिक पट्टीचा भार मालमत्तेच्या प्रमाणात पडतो, ही गोष्टही त्यांना दिसत होतीच. ज्याच्या घरी खासगी मास्तर येतो त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न शब्दांत क्वचितच विचारला जातो, पण शाळेच्या प्रत्येक कराच्या विरोधाच्या तळाशी तो असतो.

सक्तीशिवायही शिक्षण पसरेल, हा मुद्दा गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी खोडला. वाढीचा तेव्हाचा वेग तसाच राहिला, तर शाळेच्या वयाचा प्रत्येक मुलगा शाळेत जायला ११५ वर्षे आणि प्रत्येक मुलगी शाळेत जायला ६६५ वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. थोडे थांबा, असे सांगणाऱ्याला किती थांबायचे ते वर्षांत मोजून दाखवणे, याहून चांगले उत्तर असू शकत नाही.

दरम्यान डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहांच्या वतीने लोकशिक्षणासाठी दरसाल पन्नास लाख रुपयांची देणगी जाहीर झाली होती. पैसा आलाच आहे, मग कर आणि सक्ती हवी कशाला, असे म्हणण्याची सोय त्यामुळे झाली. देणगीला नको म्हणण्याचे कारण नाही. पण देणगी देणारा ती किती द्यायची आणि कधी थांबवायची ते स्वतः ठरवतो, आणि घेणाऱ्याच्या हाती कोणताही हक्क राहत नाही. गावाने स्वतःच्या कायदेशीर अधिकाराने उभारलेला आणि सरकारच्या ठरलेल्या वाट्याशी बांधलेला पैसा वेगळा असतो. त्यातून शिक्षकाचा पगार दर महिन्याला निघतो की नाही, हे गावाची सभा विचारू शकते.

मतदान

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा चालली. गोखल्यांची सूचना विधेयक मंजूर करा अशी नव्हतीच. ते चिकित्सा समितीकडे पाठवा, तिथे हवे ते बदल करा, एवढीच होती. पंडित मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जीना यांनी विधेयकाच्या बाजूने भाषणे केली. जीनांच्या भाषणाचा रोख सरळ होता. पैसा नाही हे कारण चालणार नाही, पैसा उभा करा, आणि गरज पडली तर लोकांवर कर बसवा, अप्रिय व्हावे लागले तरी चालेल. निवडणुकीवर डोळा असलेल्या कोणत्याही काळातील राजकारण्याच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही.

कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता, आणि गोखल्यांनाही तो माहीत होता. आपले विधेयक दिवस मावळण्यापूर्वी फेटाळले जाईल, हे त्यांनी उत्तराच्या भाषणात सांगितले. आपली तक्रार नाही, आपण खचलोही नाही, कारण इंग्लंडमध्येसुद्धा १८७० चा कायदा होण्यापूर्वी किती प्रयत्न वाया गेले होते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा अपयशातूनच करणे आले आहे, अशा आशयाचे ते भाषण आहे. मतमोजणीत बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी सरकारने शैक्षणिक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यातही सक्तीचे तत्त्व नाकारण्यात आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते.

विधेयकातल्या उणिवा

या विधेयकाचा पक्ष घेताना त्याच्या उणिवा झाकणे मला योग्य वाटत नाही, कारण स्थानिक कराच्या कल्पनेतच असलेल्या काही अडचणी इथे स्पष्ट दिसतात.

पहिली अडचण ३३ टक्क्यांच्या अटीची. ज्या भागात तीनातला एक मुलगा आधीच शाळेत जातो, तिथे सक्ती सुरू होणार. म्हणजे जो भाग सर्वांत मागे आहे, जिथे शाळा नाही म्हणून टक्केवारी नाही आणि टक्केवारी नाही म्हणून कायदा लागू होत नाही, तो तसाच राहणार. फुल्यांनी ज्या नऊ गावांबद्दल लिहिले होते, त्यांतले एकही गाव या कायद्याच्या कक्षेत चटकन आले नसते. सरकारची भीती घालवण्यासाठी गोखल्यांनी ही अट घातली, हे समजते. तरी तिची किंमत सर्वांत गरीब मुलांनी दिली असती.

दुसरी अडचण याहून खोल आहे. दोन तृतीयांश हे प्रमाण सगळ्यांना सारखे होते, पण गावे सारखी नव्हती. बाजारपेठेच्या शहरात घरांची किंमत जास्त, म्हणून हलक्या पट्टीतून भरपूर पैसा येतो, आणि दुष्काळी तालुक्यात जड पट्टी लावूनही हाती फारसे लागत नाही. वरच्या हिशेबातल्या कसब्याची घरे निम्म्या किमतीची असती, तर तेवढाच पैसा उभारायला पट्टीचा दर दुप्पट करावा लागला असता. स्थानिक कराचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते. याला उपाय आहे, आणि तो म्हणजे सरकारचा वाटा गावाच्या ऐपतीच्या उलट प्रमाणात ठेवणे, गाव जितके गरीब तितका सरकारचा वाटा मोठा. चिकित्सा समितीत अशी दुरुस्ती सुचवता आली असती. विधेयक तिथवर जाऊ दिले नाही, म्हणून ती चर्चा झालीच नाही.

तिसरी अडचण मताधिकाराची. त्या काळी नगरपालिकेचे मतदार मालमत्ता आणि कर यांच्या अटींवर ठरत, अनेक सभासद सरकारनियुक्त असत, आणि ज्याच्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज होती त्याचे नाव मतदार यादीत नसे. तेव्हा गावाने ठरवावे असे मी वर म्हटले, त्यातले गाव प्रत्यक्षात गावातले मूठभर लोक होते. मुलींना ऐच्छिक ठरवून मागे ठेवणे, ही गोष्टही त्याच मालिकेतली. १८४८ सालीच ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती, त्या पुण्यातल्या नेत्याने त्रेसष्ट वर्षांनी मुलींबाबत इतके अडखळावे, याचे वाईट वाटते.

या उणिवा खऱ्या आहेत, पण विधेयक त्यांच्यापायी पडले नाही. विरोधकांनी ते अपुरे आहे म्हणून नाकारले नव्हते, ते फार पुढचे आहे म्हणून नाकारले होते.

पुढे काय झाले

सहा वर्षांत मुंबई इलाख्यातच वाट निघाली. विठ्ठलभाई पटेल यांनी मांडलेले विधेयक १९१८ साली मंजूर झाले आणि इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा व त्यासाठी कर बसवण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील हा असा पहिलाच कायदा. १९१९ साली पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल आणि बिहार-ओरिसा या प्रांतांनी, १९२० साली मध्य प्रांत आणि मद्रास यांनी असे कायदे केले. १९१२ साली ज्या कल्पनेला लोकांची मागणी नाही असे सांगितले गेले, तिच्यावर आठ वर्षांत जवळजवळ सर्व मोठ्या प्रांतांचे शिक्कामोर्तब झाले. या मधल्या काळात लोक श्रीमंत झाले नव्हते. उलट महायुद्धाची महागाई आणि इन्फ्लुएंझाची साथ त्यांनी सोसली होती. बदलले होते ते इतकेच, की प्रांतिक कायदेमंडळांत हिंदी सभासदांच्या शब्दाला थोडे वजन आले होते. परवडण्याचा मुद्दा किती तकलादू होता, हे यावरून कळते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर १९१७ सालीच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते.

तरी या कायद्यांची अंमलबजावणी रखडतच झाली. अधिकार होता, पण सरकारी वाट्याची खात्री नव्हती, आणि सव्वा रुपया व सात आणे यांतले जे अंतर वर दाखवले, त्याचा अनुभव अनेक नगरपालिकांना आला. कर लावण्याचा अधिकार देऊन हात झटकणे आणि कर लावणाऱ्या गावाच्या पाठीशी उभे राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गोखल्यांनी दुसरी मागितली होती. मिळाली ती पहिली.

या प्रकरणाचा एक धागा आजच्या घरपट्टीच्या बिलापर्यंत येतो. महाराष्ट्रात १९६२ साली शिक्षण उपकराचा कायदा झाला, आणि तेव्हापासून शहरांतील इमारती व जमिनींवर शिक्षण कर आकारला जातो. तो वसूल करते नगरपालिका किंवा महानगरपालिका, आणि भरणा होतो राज्य सरकारच्या तिजोरीत. म्हणजे बिल आपल्या वॉर्डाच्या कार्यालयातून येते, पैसे आपण तिथल्या खिडकीवर भरतो, पण तो स्थानिक कर नसतो, आणि आपल्या वॉर्डातल्या शाळेच्या गळक्या छताशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. मुंबईतील मालमत्ता कराच्या बिलात मात्र राज्य शिक्षण उपकर आणि महानगरपालिका शिक्षण उपकर अशा दोन ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. फुल्यांनी विचारलेला प्रश्न, हा पैसा कोणाच्या शाळेत गेला, यांतल्या दुसऱ्या ओळीपुरता तरी नागरिकाला आपल्या नगरसेवकापुढे ठेवता येतो, कारण ती रक्कम जिथे गोळा झाली त्याच सभागृहात तिचा जमाखर्च मांडला जातो.